मालक सुकाणूवरच होते

प्रिय ताई,

मी सुखरूप आहे, हे आधी वाच. फोनवर सांगताना रडू फुटेल, म्हणून लिहितेय.

काल सकाळी चार पाहुण्यांना गळाने मासे धरायला खाडीत नेलं होतं. सुकाणूवर आमचे बोटमालक होते. एका बाईंच्या गळाला हातभर मासा लागला. सगळे ओरडले, मी फोटो काढला. फोटोत मागे मालकही हसताना दिसत होते. "मालक, वळवा आता," मी म्हटलं. ते हललेच नाहीत. खांद्याला हात लावला, तर मान कलली.

ताई, बोट धक्क्याला मीच आणली. कशी, ते आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय जागच्या जागी थांबलं.

आज काकूंनी, म्हणजे मालकांच्या बायकोनं, तो फोटो पाहिला. "तेव्हा जिवंत होते ना गं?" त्यांनी विचारलं. मला तरी कुठे माहीत? मी म्हटलं, "होते, काकू. तुमच्याबद्दलच बोलत होते."

बाबांच्या छातीत जळजळते म्हणालीस, ते पित्तच असेल. तरी आजच त्यांना डॉक्टरांकडे ने. नाही म्हणाले तर माझी शपथ घाल.

तुझीच,
धाकटी