काचघरात मोकाट सुटलेला निरोप

ती. मावशीस,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढाच).

तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला गेला, की अजून पाहुणे आले की उसळतो? मी बरी आहे. म्हणजे जेवते, कामावर जाते, विचारलं तर हसतेही. पण फोन वाजला की उचलावा की नाही, असं होतं. काल जे घडलं ते ऐक म्हणजे कळेल.

माझं काम तुला एकदा समजावलं होतं, पण तेव्हा तू "हो, हो" म्हणत भाजी निवडत होतीस, म्हणून पुन्हा सांगते. फुलं वाढवणाऱ्या एका अवाढव्य काचघरात आम्ही वाफ्यावाफ्यातून मुठीएवढ्या पेट्या ठोकल्या आहेत. पेटी ऊन आणि ओल मोजते आणि तारेशिवाय बोलते. पण तिचा आवाज फक्त शेजारच्या पेट्यांपर्यंत जातो. प्रत्येकीने ऐकलेलं सगळ्यांना ओरडून सांगायचं ठरवलं, तर बॅटऱ्या बघता बघता मान टाकतात. म्हणून मी युक्ती काढली (म्हणजे शास्त्रात ती आहेच, मी फक्त आमच्या साहेबांसमोर मिरवली): पेटीने निरोप कुठल्याही एकाच शेजारणीला द्यायचा, तिने तिच्या कुठल्याही एकीला. निवड चिठ्ठी टाकल्यासारखी. मागे फिरला तरी हरकत नाही. असा भटकत भटकत निरोप कधी ना कधी सगळीकडे पोचतो. दोष एवढाच, की या घटकेला तो नेमका कुठे आहे ते कुणालाच सांगता येत नाही, मलासुद्धा.

परवा मी एकटीच चाचणी घेत होते. पेटीच्या चिमुकल्या पडद्यावर निरोप उमटतो, म्हणून काहीतरी शब्द हवे होते. मनात जे घोळत होतं तेच बोटांतून उतरलं: "आईला सांगू नका." निरोप छान फिरला, मी खूश होऊन घरी गेले. निरोप किती भटकला की थांबायचं, ती मर्यादा चाचणीसाठी मी काढून ठेवली होती. ती परत घालायची मात्र विसरले.

काल काचघराचे मालक प्रात्यक्षिक बघायला आले, बरोबर त्यांच्या मातोश्री. काचघर मूळचं बाईंचं. काठी टेकत चालतात, पण नजर अशी की माझी ओढणी आपोआप नीट झाली. मी रीतसर नवा निरोप सोडला, "सगळं ठीक आहे", आणि आम्ही तिघं गुलाबांच्या रांगेतल्या एका पेटीपाशी वाट बघत उभे राहिलो. पडदा उजळला. बाईंनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं, "आईला सांगू नका."

मावशी, तो परवाचा माझाच निरोप, अजून मोकाट! मी घाईघाईने त्या पेटीची बॅटरी उपसली (कंबर धरली ती तेव्हाच), पण तोवर निरोप पुढे गेलेला! मोगऱ्यापाशी तेच, पाण्याच्या टाकीपाशी तेच. मी पुढे धावते आहे आणि तो माझ्या पाठीमागे उमटतो आहे. मला वाटलं, नोकरी गेली. वळून बघते तर मालकांचा चेहरा माझ्याहून पांढरा.

"काय सांगायचं नाही मला?" बाईंनी विचारलं.

"आई, मी सांगणारच होतो," मालक म्हणाले. "काचघर विकायचं बोलणं चाललंय. तुला धक्का बसेल म्हणून..."

बाई काठीचं टोक मातीत रुतवत राहिल्या. मला वाटलं, आता कोसळतात. तर म्हणाल्या, "अरे, तुझ्या वडिलांमागे मी हे तुझ्यासाठी ओढलं. मला फुलांचा वास सहन होत नाही रे आता. रोज डोकं दुखतं. तू विचारलं असतंस तर कधीच सोडलं असतं."

मालक पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. बाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या पेटीवर माझा सरकारी निरोप अवतरला: "सगळं ठीक आहे."

जाताना मालकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी नुसतीच मान हलवली. तिचा त्यांनी काय अर्थ लावला कोण जाणे. साहेबांकडे मात्र माझी तारीफ केली. काचघर विकलं तर पेट्यांचं काय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

काकांना नमस्कार. स्वतःला जप.

तुझी भाची

ता. क. – एवढं लिहूनही मुद्द्याचं राहिलंच. माझ्या आईला काय सांगायचं नव्हतं, हे तू विचारशील. मला दोन वर्षांसाठी परदेशी बोलावलंय, बर्फात पेट्या पुरायला, आणि मी हो म्हटलंय. बाबा गेल्यापासून ती घरात एकटी. तिच्यासमोर बसले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तू तिची मोठी बहीण. तू सांगशील? फोनवर नको. समोर बसून, तिचा चहा पिऊन झाल्यावर.

ता. क. २ – पाकीट चिकटवतच होते, तेवढ्यात आईचा फोन. इकडचं तिकडचं बोलली आणि ठेवता ठेवता म्हणाली, "तुझा स्वेटर विणायला घेतलाय. गळ्याचं माप द्यायला येऊन जा. बर्फात आधी मान गारठते." तिला कुणी सांगितलं, देव जाणे, नात्यात मी कुणाजवळच बोलले नव्हते. पण मावशी, तू जाच. आता सांगायला नको. ती एकटी असताना रडते का, तेवढं बघ आणि मला कळव. मी विचारलं तर नाहीच म्हणेल.