गार बोटे आणि खालची खोली

मी, हाताने काज करणारी, साऱ्या गल्लीची काजवाली मावशी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. हृदय दुबळे होऊन बरीच वर्षे झाली. डोके शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट थोरल्या मुलाने गप्प बसवायचा प्रयत्न केला, म्हणून लिहिणे भाग पडले.

१. शिवणयंत्र, इस्त्री आणि वरचा मजला थोरल्यास. शिवणकाम त्याने सांभाळले, हे मी नाकारत नाही.

२. खालची खोली माझ्या लेकीस, पूर्ण मालकीने. थोरल्याला तिथे दर्शनी भिंतीला काच लावून दुकान थाटायचे आहे. त्याने ते मनातून काढून टाकावे. बाळंतपणानंतर लेकीचे हृदयही माझ्यासारखेच दुबळे झाले. जिन्यात मध्येच ती टेकते, तेव्हा हा वरून म्हणतो, "मोठ्या रक्तवाहिन्या साफ आहेत ना? डॉक्टरच म्हणाले. मग ही कसली नाटकं?"

हेच मी ऐकत आले. बोटे गार पडायची, सुई निसटायची, चार पावलांत पाय भरून यायचे. घरात म्हणायचे, आई अंग चोरते. जन्मभर मान खाली घालून काज केलेल्या बाईला हे ऐकवले. अजून संताप येतो.

३. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायची यंत्रे, दोन्ही, थोरल्यास. पहिल्यावर माझा आकडा येईना, म्हणून त्याने सेल बदलले. मग नवे यंत्र आणले. त्यावरही येईना. स्वतःच्या बोटाला लावून म्हणाला, "हे तर झकास चालतंय." मग आईच्या बोटाला काय झाले, हे एकाच्याही डोक्यात आले नाही. पुन्हा सेल बदलले.

शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नखाच्या कडेला तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकातून कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या दाखवल्या. ओळीने टाके असावेत तिथे काही सुटलेले, काही पिळलेले. त्या म्हणाल्या, "मावशी, हृदय असं बरीच वर्षं थकलेलं असलं की या बारीक वाहिन्याही बदलतात. काही नाहीशा होतात, उरलेल्या गरज पडली तरी नीट रुंदावत नाहीत. मोठ्या वाहिन्यांच्या तपासणीत हे दिसत नाही. तुम्ही सोंग करत नव्हता." मी तिथेच रडले.

४. मृत्यूनंतर डॉक्टरीणबाईंच्या अभ्यासासाठी माझ्या बोटांची कातडी आणि मांडीच्या स्नायूचा तुकडा घेण्यास संमती आहे. थोरल्याने आडकाठी केल्यास इस्त्रीही लेकीस.

५. लेकीला कोणीही, कुठल्याही कारणाने, जिना चढायला लावू नये. थोरल्या, तुझ्यावर माझा जीव आहे. तरी तुझ्या भरवशावर तिला सोडणार नाही.

मी मरेपर्यंत तिने जिना चढत राहावे, हेही मला मान्य नाही. तिची गादी आज खाली आणवली.

साक्षीदार:
समोरचा बटणवाला (गादी यानेच उतरवली)
डॉक्टरीणबाई (मावशी शुद्धीत आहेत, हे तपासून सही केली)

सही: काजवाली मावशी. बोटे गार असल्याने अक्षर हलले आहे, सही माझीच.

तारीख: थोरला काचेसाठी भिंत मोजून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

ठिकाण: लेकीची खोली.