मधल्या खोलीचं कुलूप

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (पत्रातलाच गोड मानून घे, खरोखर वाकलो तर कंबर परत वर यायला राजी नसते.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? तुझ्याच गल्लीत खोली घेऊन राहिलेल्या दादाच्या खांद्याची चौकशी मात्र मी करणार नाही. ज्या माणसाने सख्ख्या भावाला वकिलाची नोटीस धाडली, त्याचा उजवा खांदा थंडीत अजून दुखतो का, शेकायला पिशवी आहे का, याच्याशी मला काडीचं कर्तव्य नाही.

झालं असं. आईच्या मधल्या खोलीची कडी झिजली. जरा वारा आला की ती निसटायची आणि दार थाडथाड आपटायचं. सुतार ‘उद्या येतो’ म्हणून गेला तो गेलाच. म्हणून कडी निसटू नये एवढ्यासाठी मी तिच्यात कुलूप घातलं, किल्ली आरशामागच्या नेहमीच्या खिळ्याला लावली आणि दुकानात चष्म्याच्या काचा घासायला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर एक पेला धुऊन खिडकीत उपडा ठेवलेला. पाणी प्यायल्यावर पेला धुऊन उपडा ठेवणारा माणूस आपल्या घरात एकच. आई गेल्यावर घर विकायचं की ठेवायचं यावरून आमचं वाजलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तो पहिल्यांदाच आला होता, स्वतःजवळच्या किल्लीने बाहेरचं दार उघडून, आईचं शिवणयंत्र बघायला म्हणे. त्याने कुलूप पाहिलं, पाणी प्यायला आणि गेला. आरशामागे हात घातला असता तर! पण तो कसला घालतोय. लहानपणीही रुसला की समोरचं ताट दिसायचं नाही त्याला.

नवव्या दिवशी नोटीस आली. मी म्हणे ‘सहहिस्सेदारास ताब्यापासून वंचित’ केलं आहे. (इतके भारदस्त शब्द माझ्या वाट्याला आयुष्यात आले नव्हते, दोनदा मोठ्याने वाचले.) पंधरा दिवसांत लेखी उत्तर मागितलंय. खाली दादाच्या स्वतःच्या अक्षरात, पेनने कागद फाटेस्तोवर दाबून: ‘नाहीतर मी येऊन कुलूप फोडीन.’

नोटीस घेऊन मी नाक्यावरच्या वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, घर तिघांच्या नावावर, वाटणी झालेली नाही, तेव्हा घराच्या कानाकोपऱ्यावर तिघांचाही सारखाच हक्क. एकटा राहणारा सगळ्यांच्याच वतीने राहतो, फक्त दुसऱ्याला अडवायचं नाही. म्हणजे बघ, दोन वर्षं मी तुम्हा दोघांच्या वतीने छपराची गळती झेलतोय! त्या दिवसापासून मला धड बसवत नाही. सदरा खिळ्याला लावताना वाटतं, यातला एकतृतीयांश खिळाच माझा. परवा दादाच्या वतीने त्याच्या कॉटवर आडवा झालो. गादीत त्याच्या अंगाचा खड्डा आहे, तो मला मोठा होतो. ताई, मला फार वाईट वाटलं गं. एवढं मोठं घर, आणि बोलायला कोणी नाही.

असो. त्याला ठणकावून सांग, मी एक पाऊल मागे घेणार नाही. भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. — वकिलांनी उत्तर लिहून दिलंय. अवघ्या तीन ओळी: कुलूप काढले आहे, केव्हाही यावे, वाद नाही. सही केली की प्रकरण संपलं म्हणाले. तेच तर दुखणं आहे. प्रकरण संपलं तर दादा कशाला येतोय? ‘बरं’ म्हणून तिकडेच बसेल. आज चौदावा दिवस. कागद मी आईच्या यंत्राच्या खणात टाकलाय, आणि सुतार शेवटी येऊन कडी नवी बसवून गेला तरी कुलूप तिथेच ठेवलंय. तू फक्त त्याला चिडतं ठेव. म्हणावं, धाकटा माजलाय, जाऊन फोडच.

ता. क. दुसरा — कुलूप नुसतं अडकवलंय, दाबलेलं नाही. तेवढं त्याला आधी सांगून ठेव. उगाच हातोडा उचलेल, आणि खांदा धरून बसेल.