बद्द वाजलेला दगड

आप्पा, दगडाचं वय काढायचं शिकणार म्हणून मी सांगितलं, तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "वय काढून काय लग्न जुळवायचंय त्याचं?" आई हसत सुटली होती. मला राग आला होता. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी अजून तेच करते, म्हणून एकदा नीट सांगते. डोंगररांग फार उंच, फार जाड झाली की खालून तापून मऊ पडते आणि आपल्याच वजनानं बसते, पसरते. जमीन ताणली जाते, चिरा पडतात, त्यातून लाव्हा वर येतो. राजस्थानात आम्ही जातो तिथला डोंगर आज उरलेला नाही, वाळू आहे. लाव्ह्याचा दगड मात्र आहे. त्याचं वय कळलं की डोंगर कधी बसला ते कळतं. एवढंच. लग्न नाही जुळत.

मी आठवीत आहे, तुमचा डबा घेऊन गोखिवऱ्याच्या खदानीवर आलेय. तुम्ही तिथले मुकादम. इमारतीच्या पायासाठी काढलेल्या दगडांवर एकेक हातोडी मारत चाललाय. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला की बाजूला, त्यात पाणी मुरलेलं. शेठ वैतागलाय, "अहो, पायात गाडायचाय. कोण बघतंय?" "मी ऐकलंय ना," तुम्ही म्हणता. ऊन मी म्हणत होतं, मला घरी जायचं होतं, म्हणून मीही म्हटलं, "चालेल की, आप्पा." तुम्ही वळून बघितलंत. "तुला कळत नसतं तर बोललो नसतो. कळतंय, आणि वर चालेल म्हणतेस?" चारचौघांत! तुळिंजला घरी येईपर्यंत रडत होते मी. आता त्या खदानीत पाणी साठलंय आणि काठावर सात मजले उभे आहेत. त्यांच्या पायात काय गेलंय, देव जाणे.

या जानेवारीत राजस्थानात लाव्ह्याच्या सगळ्यात वरच्या थराचा नमुना घ्यायचा तेवढा राहिला होता. डोंगर बसायचा कधी थांबला, ते तो थरच सांगणार. परवानगीचा शेवटचा दिवस, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मी हातोडी मारली. बद्द. पाणी मुरलेल्या दगडातून मोजायचा वायू निसटतो आणि वय कमी निघतं, हे मी मुलांना दर वर्षी शिकवते. तरी तुकडा पिशवीत टाकला. वय कमीच निघालं आणि नेमकं तेच मला हवं होतं. डोंगर उशिरा बसला, असं मी दहा वर्षं सगळ्यांशी भांडून सांगत होते. लेख स्वीकारला गेला, प्रयोगशाळेत पेढे आले. लाज वाटली, आप्पा. पेढा खाल्ला तरी.

काल लेख मागे घेत असल्याची मेल केली. दहा वर्षांचं भांडण हरले. हाताखालच्या दोघींची नावं लेखात होती, त्या बोलत नाहीत माझ्याशी, आणि त्यांचं बरोबरच आहे. बाकीचे मात्र प्रामाणिकपणाचं कौतुक करतायत. मेलमध्ये मी लिहिलंय, "नमुना मुरलेला असल्याचं पुन्हा तपासताना लक्षात आलं." ते खोटं आहे. मला तिथेच कळलं होतं, पहिल्या घावाला. हे फक्त तुम्हाला लिहितेय, कारण तुम्हाला पत्र पोचत नाही.