तिसऱ्या पावलाचा आवाज

ता. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं आईला भिंतीआडूनही ऐकू जातं, आणि हा विषय निघाला की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. म्हणून कागद.

तुझी भाची पंच झाली. करडा शर्ट, गळ्यात शिट्टी, बारा वर्षांखालच्या मुलींचे बास्केटबॉलचे सामने. धक्काबुक्की दिसते, रेषा दिसते, पण 'ट्रॅव्हल' काही केल्या पकडता येत नाही. चेंडू हातात घेतल्यावर दोनच पावलं, एवढाच तर नियम. पण चेंडूकडे बघावं तर पाय पुढे गेलेले असतात, आणि पायांकडे बघावं तर चेंडू हातात कधी आला ते कळत नाही. बाकांवरच्या आईबापांना मात्र सगळं दिसतं.

त्यात एक पोरगी आहे, सगळे तिला भिंगरी म्हणतात. अकरा वर्षांची, लहान चणीची, पण सुसाट. बास्केटकडे झेपावताना दोन पावलांनंतर एक बारीकशी उडी घेते. ते तिसरं पाऊल असावं असा मला दाट संशय आहे. पण हॉल असा काही टाळ्या वाजवतो की शिट्टी ओठातच राहते. तू कॉलेजात असताना पंच होतीस आणि मग एकाएकी सोडलंस, एवढंच मला ठाऊक. आई म्हणते, कंटाळली. अजून विसरली नसलीस तर एखादी युक्ती सांग.

आईचा गुडघा तसाच. पहिल्या मजल्यालाही लिफ्ट. लहानपणी जिन्याने एकदा पाडलं, तर बाईसाहेबांनी जिन्याशी जन्माचा अबोला धरलाय.

लोभ असू दे, आणि उत्तर लवकर असू दे.

तुझी भाची

&nbsp;

ता. ९ फेब्रुवारी

चि. शिट्टीबाईस,
अनेक आशीर्वाद.

शिट्टी गळ्यात आली म्हणून अक्कल येत नाही, ती मागावी लागते. मागितलीस हे बरं केलंस.

पाय डोळ्यांनी बघ आणि चेंडू कानांनी. टप्पे ऐकत राहा. टप्पा थांबतो आणि चेंडू तळहातांत बसल्याची चट्‌ अशी थाप येते. त्या क्षणी जमिनीवर असलेलं पाऊल धरू नकोस. पुढची मोज. एक, दोन. तिसऱ्यांदा बूट वाजला की शिट्टी. आमच्या वेळी ते पहिलं पाऊलही धरायचे. नियम बदलतात गं, गुडघे बदलत नाहीत.

आणखी एक. लोकांना वाटतं हा नियम चेंडूवालीला अडवायला आहे. अडवणारी समोर पाय रोवून उभी असते ना, तीही मनात मोजत असते. दोन पावलं, मग ही उडणार, हे आपणच तिला शिकवलेलं असतं. त्या दोन पावलांच्या भरवशावर ती उभी राहते. तिसरं कुठे पडेल हे तिला कोणीच सांगितलेलं नसतं.

भिंगरीच्या समोर कोण उभी असते, ते मला कळव. विसरू नकोस.

हे पत्र आईला दाखवू नकोस. विचारलंच तर म्हण, मावशीने गुडघा शेकायला सांगितलाय.

माया आहेच, ती लिहून वाढत नाही.

तुझी मावशी

&nbsp;

ता. १८ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी युक्ती रामबाण निघाली. मंगळवारी भिंगरीला चारदा पकडलं. चारही वेळा तिसऱ्या बुटाचा आवाज मला असा स्पष्ट आला की टाळ्याही त्यापुढे फिक्या. त्यानंतर काय विचारतेस! तिचे वडील पार्किंगपर्यंत माझ्यामागे मोठमोठ्याने पावलं मोजत आले. एक, दोन, तीन, चार. माझीच.

गुरुवारी स्पर्धाप्रमुखांनी ऑफिसात बोलावलं. चहा पाजला, म्हणजे काम कठीण असणार हे मी ओळखलं. म्हणाले, मुलांचा खेळ आहे, हात जरा सैल सोड, लोक त्या पोरीला बघायला येतात. सैल सोडला नाही तर अंतिम सामन्याला मला गुण लिहायच्या टेबलावर बसवतील. हेही हसतच म्हणाले.

तू विचारलंस ना, समोर कोण असते. अंतिम सामन्यात चष्मेवाली असेल. चष्म्याला मागून पट्टा बांधते, बोलत नाही, आणि शिकवलेल्या जागेवरून तसूभर हलत नाही. काल सरावाच्या सामन्यात भिंगरी तिच्या बुटावरच उतरली. बुटाची जीभ फाटली. दोघी हसल्या. तिसरं पाऊल मी ऐकलं होतं, मावशी. सोडून दिलं.

जेवताना घरी हे गंमत म्हणून सांगितलं. आईने विचारलं, कितवं पाऊल? मी म्हटलं, तिसरं. ती ताट तसंच ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिली. काय झालं हे तुला माहीत असेल तर सांग. सामना पुढच्या रविवारी आहे.

रागावली असलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी भाची

&nbsp;

ता. २२ फेब्रुवारी, गुरुवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई जिन्यावरून पडली नाही.

ती तेरा वर्षांची होती, मी एकोणीसची. सामना शाळेच्या पटांगणावर होता आणि पंच मी होते. समोरच्या संघात अशीच एक सगळ्यांची लाडकी होती. तिचं तिसरं पाऊल मी तीन आठवडे सोडत आले होते, कारण खेळ रंगायचा आणि लोक मला चांगली पंच म्हणायचे. चौथ्या आठवड्यात ते पाऊल तुझ्या आईच्या गुडघ्यावर पडलं. मी ऐकलं होतं. अजून ऐकू येतं.

घरी मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, जिन्यावरून पडले. बाबांनी मला पुन्हा मैदानाकडे फिरकू दिलं नसतं म्हणून. मी तशीही फिरकले नाही.

रविवारी पहिल्याच तिसऱ्या पावलाला शिट्टी वाजव. टेबलावर बसवलं तर बस. बुटाची जीभ फाटली तो शेवटचा इशारा समज.

तुझी, लोभाला पात्र असलीच तर,
मावशी

&nbsp;

ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बत्तीस वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

तुझं पत्र शनिवारी आलं. दार मी उघडलं, अक्षर ओळखलं, आणि फोडून वाचलं. मग स्वयंपाकघरातल्या खणात ठेवून दिलं. वाटलं, पोरीच्या मनातून तू उतरशील. सामन्याआधी तिला घाबरवायचं कशाला, असंही मनाला समजावलं. तुला झाकायची सवय हातात मुरली आहे, ताई.

रविवारी मी स्वतः गेले. सगळ्यात खालच्या बाकावर बसले. पहिल्या अर्ध्या वेळात पोरीने तीनदा शिट्टी वाजवली, तीनदा हॉल अंगावर आला. मध्यंतरात प्रमुख तिच्या कानाशी लागले. नंतर एकदा तिने सोडलं. मी बसल्या जागेवरून उठले, पण हाक कशी मारायची, कोणाला, सुचेना. शेवटच्या मिनिटाला गुण सारखे होते. चष्मेवाली शिकवलेल्या जागी उभी होती. तिचे ओठ हलताना मला दिसले, एक, दोन.

त्यानंतरचं तुला सांगायला नको.

संध्याकाळी प्रमुख घरी आले. अहवालात लिही, फरशी ओली होती, मुलगी घसरली, असं पोरीला सांगून गेले. कोणाचंच नुकसान नाही म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं. विचारलं, आई, असं लिहिलं तर चालेल का? तेव्हा मी खण उघडला.

तिने पत्र दोनदा वाचलं. मला काही बोलली नाही, तुलाही तिने काही दोष दिला नाही. ते मात्र आम्हां दोघींना जड जाणार आहे. काल सकाळी अहवाल देऊन आली. त्यात एवढंच आहे, की तिसरं पाऊल पडलं, मला ऐकू आलं, मी शिट्टी वाजवली नाही. प्रमुखांनी तिचा शर्ट परत मागितला आहे. तो तिने धुवून वाळत घातला आहे.

आज आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. मी जिन्याने चढले, दोन मजले, कठड्याला धरून. बिचाऱ्या जिन्याला मी उगीचच बदनाम केलं. चष्मेवालीच्या आईजवळ बसले आणि माझा गुडघा कसा गेला ते तिला खरं सांगितलं. जगात पहिल्यांदा.

डॉक्टर म्हणाले, पोरीच्या गुडघ्याची सूज उतरल्यावर काय ते कळेल. मलाही तेव्हा हेच म्हणाले होते.

लोभ होता तिथेच आहे. आता ये.

तुझी धाकटी