पुढची जागा तुमची

तीर्थरूप आबा,

भोपाळहून सोनियाचा नमस्कार. मी मजेत आहे. आईचा गुडघा कसाय?

धरणाच्या पाण्याचं नाव काढायचं नाय, असं तुम्ही बजावलं होतं. तरी मी कयाक घेतली, वल्ह्याची होडी. आपलं जुनं गाव काठापासून लांब बुडालंय, म्हणून पळणारी हवी होती. आधी एक रुंद होडी चालवून बघितली, ती डुलत नव्हती, पण लई सुस्त. ही लांबडी पळते बी, आणि इथल्या तलावात मुद्दाम वाकडी केली तरी उलटली नाय. आईला सांगा तेवढं.

दिवाळीला टेम्पोत घालून गारखेड्याला आणते. नारळ तुम्हीच फोडायचा. मग थेट आपल्या धरणावर, नाथसागरात. आपलं घर कुठं होतं, ते तुमच्याशिवाय मला कोण दाखवणार?

होडी दोघांची आहे. पुढं तुम्ही बसायचं, मागून वल्हं मी मारते. नाय म्हणलात, तर उचलून बसवीन.

तुमच्यावरच गेलेली हट्टी,
सोनिया