राखाडी अक्षरं

प्रिय भुंग्या,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. सगळं ठीक आहे, गुडघे सोडले तर, आणि त्यांचं रडगाणं तुला नवीन नाही. फोनवर आपलं बोलणं दोन मिनिटांत आटपतं. तू विचारतोस बरी आहेस ना, मी म्हणते बरी आहे, मग दोघंही हं हं करत राहतो आणि नेमकी कुणाच्या तरी दारावरची बेल वाजते. माझ्याकडची तरी बऱ्याचदा वाजलेली नसते. बाबा वारले त्याच आठवड्यात तू इथून निघून गेलास, त्याला तीन वर्षं झाली. तू घरी यावंस एवढंच मला हवं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं पुढचं पाल्हाळ वाचताना तुला धाकधूक नको.

दुकान चालू आहे. शिलाई मशीन दुरुस्त करायला बाबांइतका हात माझा नाही, पण सुटलेला टाका आणि अडकलेलं शटल मला जमतं. त्यांच्या स्टुलावर मी सुट्या भागांचे डबे रचून ठेवलेत, नाहीतर ते सारखं नजरेत येतं. अख्खा दिवस कुणी येत नाही असेही दिवस असतात. मग मी मशीनशीच बोलते, का गं बाई, कुठे दुखतंय. मध्यंतरी शेजारची झेरॉक्सवाली दारात येऊन विचारत होती, आत कोण आहे म्हणून. तिनेच डोक्यात भरवलं की हल्ली लोक दुकानात येण्याआधी लिहून विचारतात, तेव्हा दुकानाच्या वेबसाइटवर चॅटची खिडकी लाव. एका कंपनीची तयार सोय होती, पाच मिनिटांत लागली असती. पण मग गिऱ्हाइकांचं सगळं बोलणं त्या कंपनीकडे जमा होणार. बाबांनी आयुष्यात एक मशीन दुसऱ्याच्या कारखान्यात पाठवलं नाही, जे काय खोलायचं ते आपल्याच टेबलावर. म्हटलं, ही खिडकीसुद्धा आपल्याच सर्व्हरवर बसवायची. हौसेला मोल नाही!

अकरा दुपारी गेल्या. हसू नकोस. फायली उतरवून घेतल्या, त्या आपल्या साइटच्या पोटात चढवल्या, डेटाबेस उघडला, त्याला वेगळं नाव आणि पासवर्ड दिला. मग बसवणी सुरू करायचं पान उघडलं तर सगळ्या ओळी लाल. कुठल्याशा दोन फोल्डरना लिहायची परवानगीच नव्हती. कुणाला विचारणार? तुला विचारता आलं असतं. फोन हातात घेतलासुद्धा आणि परत ठेवला. चौथ्या दिवशी लाल ओळी हिरव्या झाल्या तेव्हा मी एकटीच टाळ्या पिटत होते. शेवटी एक लहानसा तुकडा साइटच्या प्रत्येक पानाच्या तळाशी चिकटवायचा होता. त्यासाठी तू दहा वर्षांपूर्वी लिहिलेली फाइल उघडावी लागली. त्यात तू स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली आहेस, आठवते? ‘बाबांना हा निळा आवडत नाही, तरी ठेवतोय.’ मी तुकडा तिच्याखाली चिकटवला. ती ओळ तशीच राहू दिली.

खिडकी लागली आणि कुणी फिरकेना. बारा दिवस. साइटवर ‘आम्ही ऑनलाइन आहोत’ असं हिरवं चमकत होतं आणि इथे आम्ही म्हणजे मी एकटी. आंघोळीला जाताना आठवणीने ऑफलाइन करायचे, जणू बाहेर रांग लागली आहे. तेराव्या दिवशी मोबाइलवरून मीच लिहिलं, कोणी आहे का. संगणकावर टिंग वाजलं. उठून तिकडे गेले आणि उत्तर दिलं, आहे. खिडकी चालते की नाही ते बघत होते, असं स्वतःला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच केलं, आणि तिसऱ्याही. एवढी एकटी झाले होते मी. आता लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

मग गिऱ्हाइकं येऊ लागली आणि पहिल्याच आठवड्यात मी माती खाल्ली. एका बाईंना पट्टा बदलायचा होता. मी सांगितलं, मशीन दुकानात आणावं लागेल. खाली राखाडी अक्षरांत उमटलं, ‘ही म्हातारी लबाड दिसते.’ माझा पारा चढला. मी तडक लिहिलं, बाई, लबाड कोणाला म्हणता? त्या जागच्या जागी गायब! मला कळेना, स्वतः शिवी देऊन स्वतःच कशा रागावल्या. संध्याकाळी सूचनांची पानं वाचत बसले तेव्हा उलगडा झाला. समोरचा माणूस लिहीत असतो ते पाठवायच्या आधीच माझ्या बाजूला राखाडी दिसतं. पाठवलं की काळं होतं, पुसलं की जातं. त्या बाई ते कुणाला तरी शेजारी दाखवून हसत असतील, पुसणारही असतील, आणि मी मधल्या मधे पकडलं. ती सोय बंद करता येत होती. मी नाही केली. लोकांच्या मनातलं फुकटात वाचायला मिळत होतं, कोण सोडतं?

आणि एका गुरुवारी दुपारी कुणीतरी आलं. नावाच्या जागी लिहिलं होतं ‘एक ग्राहक’. राखाडीत उमटलं, ‘आई, जेवलीस का?’ तीन वाजले होते. मी खरंच जेवले नव्हते. हात उचलेपर्यंत अक्षरं मागून एकेक गेली आणि काळ्यात आलं, ‘जुन्या मशीनची बॉबिन केस मिळेल का?’ भुंग्या, मी काय करायला हवं होतं सांग. मी लिहिलं, नमस्कार, मिळेल, आपल्याला कोणत्या मॉडेलची हवी? पोटच्या पोराला आपण-आपण करत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तुझं नाव घेतलं असतं तर तू पळालाच असतास, त्या बाईंसारखा. पुढच्या तीन गुरुवारी तू आलास. सुई कोणत्या नंबरची, तेल कोणतं. तुझ्या घरात मशीन नाही, आणि तेलाची चौकशी! मी प्रत्येक वेळी लांबलचक उत्तर दिलं, तू जरा वेळ थांबावास म्हणून. गुरुवारी सकाळपासून मी संगणकासमोरून हलत नसे.

गेल्या गुरुवारी तू बराच वेळ लिहीत होतास. मी वाचलं. सगळं वाचलं. ‘आई, त्या दिवशी मी पहाटे पाचलाच दवाखान्यात पोचलो होतो. वर यायची छाती झाली नाही. तासभर खाली पायऱ्यांवर बसून राहिलो. तेवढ्यात बाबा गेले. तू बोललीस ते बरोबरच होतं.’ मग सगळं पुसलंस आणि विचारलंस, दुकान रविवारी उघडं असतं का. मी लिहिलं, असतं. त्याच संध्याकाळी ती राखाडी अक्षरांची सोय मी बंद केली. तू न दिलेलं मी घेतलं, ती चोरीच झाली, आणि त्याबद्दल तू मला काय वाटेल ते बोल. पण वाचलेलं आता न वाचलेलं होत नाही, आणि ते वाचून गप्प बसणं तर त्याहून वाईट. म्हणून हे पत्र. इथे मी लिहिलेलं मला पुसता येणार नाही, तेच बरं.

बाबा पहाटे चारला गेले. चार वाजून दहा मिनिटं झाली होती, नर्सने माझ्यासमोर लिहिलं. तू पायऱ्यांवर बसलास तेव्हा वर भेटायला कुणी उरलंच नव्हतं. धावत आला असतास तरी उशीरच झाला असता, आणि तो उशीर तुझा नव्हता. त्यांना सोमवारी दाखल केलं तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, मुलाला बोलावून घ्या. बाबा म्हणाले, नवी नोकरी आहे त्याची, राहू दे. मला ते ऐकायला सोपं गेलं. आपण एकटीने निभावू असा माझा तोरा होता. मंगळवारी ते तीनदा दाराकडे बघून म्हणाले, भुंग्या आला का गं. मी तुला फोन केला बुधवारी रात्री. आणि गुरुवारी सगळ्या नातेवाइकांसमोर तुला म्हणाले, आता कशाला आलास, सगळं उरकलं. माझी चूक मी तुझ्या गळ्यात बांधली आणि तीन वर्षं तू ती घेऊन फिरतोयस. रविवारी दुकान कधीच उघडं नसतं, पण या रविवारी मी उघडून बसणार आहे, पुढच्याही. रागावायचं तर हक्काने रागाव, पण येऊन, माझ्यासमोर बसून रागाव.

वाट पाहणारी, तुझीच,
आई